फिडल ठेव खाली

गेल्या उन्हाळ्यात आमच्या हॉलमध्ये गाण्याबजावण्याचा मेळावा भरला होता. ग्लासगोहून एक दाढीवाला आला होता, मधेमधे उठून माहिती सांगायला. मी मागे चहाच्या टेबलाशी उभी होते, बॅनकच्या जाड भाकऱ्यांना लोणी फासत. तो माइकवर म्हणाला, आता जी रील, म्हणजे नाचाची धून, वाजणार आहे तिचं नाव 'फिडल ठेव खाली'. शेकडो वर्षांपूर्वी म्हणे याच बेटावरच्या एका फिडलवाल्याला टेकडीतल्या लोकांनी, म्हणजे तिथल्या भुताखेतांनी, पळवून नेलं, टेकडीच्या पोटात आपल्या लग्नात वाजवायला बसवलं. पहाट झाली तेव्हा त्यांचा राजा म्हणाला, फिडल ठेव खाली, आणि त्याला सोडून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी सुरी लोण्यातच राहिली.

शेकडो वर्षं म्हणे! अरे, माझ्या लग्नात जन्मलेली रील ती. मग मी किती वर्षांची झाले? टेकडीतल्या लोकांशी माझं काही वाकडं नाही. आमच्या शेटलंड बेटांवर धून कुठून आली हे सांगायची लाज वाटली की माणूस टेकडीकडे बोट दाखवतो. पण या धुनेला माणसं आहेत. एक रॅस्मी हॅलक्रो आणि दुसरी माझी सख्खी ओस्लामावशी. त्या दोघांनी एका धुनेपायी वीस-पंचवीस वर्षं जो तमाशा मांडला तो आमच्या अख्ख्या स्टेंगा बेटानं फुकटात पाहिलाय. आता राजा आला मधे श्रेय घ्यायला.

तर रॅस्मी. हा काही मोठा कलावंत होता असं कुणी समजू नये. दहा-बारा मेंढ्या, एक गाय, भावाबरोबर वाट्यातली होडी. उन्हाळ्यात खोल समुद्रात मासेमारी, हिवाळ्यात लग्नांत फिडल. उंच, जरा वाकलेला, आणि तोंडानं महामुका. त्याला काही विचारलं की आधी फिडलकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. फिडल जवळ नसली तर उत्तरच नाही. आणि हा माणूस जन्मात कधी नाचला नव्हता. आमच्याकडे लग्न तीन दिवस चालतं, सगळं बेट नाचतं, पण वाजवणारा कसा नाचणार? तो आपला कोपऱ्यात पिंपावर बसून घाम पुसत राहायचा.

ओस्लामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. अंगानं बुटकी आणि डोक्यानं कडक. ती चालताना विणायची, पाठीवर पीटची, म्हणजे जळणाच्या मातीच्या ढेकळांची, टोपली घेऊन चढण चढताना विणायची. चर्चमध्ये विणू देत नाहीत म्हणून तिला प्रवचनं लांब वाटायची. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यात एक सुई कायम खोचलेली. तो पट्टा ती झोपताना काढायची असं आजी सांगायची, पण मी काही कधी पाहिलं नाही.

हे सगळं सुरू झालं माझ्या आईच्या लग्नात. हिवाळा होता, आजोबांच्या धान्याच्या कोठारात नाच चालला होता, आणि ऐन रंगात पेंढ्याची सोंगं आली. सोंगं म्हणजे गावातलीच माणसं. अंगभर ओटच्या पेंढ्याचे घागरे, डोक्यावर पेंढ्याच्या उंच टोप्या, तोंडावर फडकं. बोललीच तर श्वास आत ओढून बोलतात, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. त्यांना बोलवायचं नसतं, ती आपणहून येतात. कोण ते विचारायचं नसतं. आणि एकदा नाचायला उभी राहिली की त्यांना वाजपाशिवाय ताटकळत ठेवायचं नसतं, नवऱ्यानवरीला वाईट असतं ते.

नेमका त्याच वेळी रॅस्मी बाहेर गेलेला. दिवसभर यजमानांची बिअर पिऊन माणूस बाहेर जाणार नाही तर काय करेल? फिडल पिंपावर पडलेली. तो परत येतो तर सोंगं रांगेत उभी, आणि आजी कपाळाला हात लावून बसलेली. आजीनं फिडल त्याच्या हातात कोंबली आणि म्हणाली, आधी वाजव, मग शेकत बस. रॅस्मीनं गज ओढला. बोटं वाजवायला लागली ती रोजचीच रील, 'गव्हाणीतली मांजर', जी आमच्याकडे पाळण्यातलं पोरही ओळखतं. पण निघालं भलतंच.

कारण चारही तारा जागेवर नव्हत्या. कुणीतरी खुंट्या पिळून ठेवल्या होत्या. बोटं आपल्या ठरलेल्या घरी जात होती आणि प्रत्येक घरात दुसरंच कुणी राहायला आलेलं होतं. सोंगं नाचत असताना थांबायची सोय नाही, म्हणून तो घाबरून वाजवत सुटला. आणि जे काही निघालं त्यानं म्हणे कोठार हाललं. चर्चचे दोन वडीलधारे, जे कुंपणाच्या भांडणापायी एकमेकांशी बोलत नव्हते, हातात हात घालून नाचले. आजोबा टेबलावर चढले, ते उतरेनात. धून संपली आणि सगळे ओरडले, पुन्हा, पुन्हा.

आणि रॅस्मीनं काय करावं? फिडल कानाशी धरली, चेहरा वाकडा केला, आणि चारही तारा व्यवस्थित सुरात लावल्या. सवय हो. वाजवणारा माणूस बेसूर फिडल हातात धरूच शकत नाही, बोटं आपोआप खुंट्यांकडे जातात. मग त्यानं गज ओढला तर निघाली 'गव्हाणीतली मांजर'. नेहमीची, जशी होती तशी. लोक म्हणाले, ही नाही रे, मघाची. रॅस्मी फिडलकडे बघत राहिला. मघाची गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओस्लामावशी गोठ्यातून दूध घेऊन येत होती. रॅस्मी दारात उभा. त्याच्या मनात ती कधीपासून होती हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं, त्याच्याखेरीज. पण हातून अशी धून निघाल्यावर त्याला चेव आला असावा. त्यानं फिडलकडे बघत बघत तिला लग्नाचं विचारलं. मावशीनं बादली खाली ठेवली.

"कालची ती धून पुन्हा वाजव," ती म्हणाली, "मग करते तुझ्याशी लग्न."

हे आजीनं ऐकलं, दोन आत्यांनी ऐकलं, म्हणजे दुपारपर्यंत बेटानं ऐकलं. आता माघार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे लोक होते, कुणीतरी गुणगुणून दाखवायची. दाखवली ना! प्रत्येकानं दाखवली, आणि प्रत्येकाची वेगळी. त्या रात्री शुद्धीत होतं कोण? ते दोन वडीलधारे धून अशी होती की तशी होती यावरून पुन्हा भांडले आणि यावेळी मरेपर्यंत बोलले नाहीत. तेव्हा रॅस्मीनं विचार केला, बोटांनी वाजवली 'मांजर'च, फक्त खुंट्या हललेल्या होत्या. कोठारातल्या ओलीनंच हलल्या असणार. खुंट्या पुन्हा तशाच हलल्या की झालं. विचार म्हणून काही वाईट नव्हता.

मग शनिवार सुरू झाले. दर शनिवारी दुपारी रॅस्मी आजोबांच्या दाराशी यायचा, फिडल काहीतरी नव्या तऱ्हेनं बिघडवून. दार दोन फळ्यांचं, खालची बंद, वरची उघडी, आत मावशी विणत बसलेली. तो वाजवायचा. वाजवून झालं की फिडलकडे बघायचा, खुंट्या चाचपायचा. आतून मावशी म्हणायची, नाही, ती नव्हे. सुया थांबायच्या नाहीत. तो मान हलवून घरी जायचा आणि पुढच्या शनिवारसाठी फिडल बिघडवायला घ्यायचा.

बिघडवायचे तरी किती प्रकार! त्यानं ती हेरिंग मासे धुरवतात त्या धुरात टांगली. पीटच्या ढिगात पुरली. कोंबडीखाली ठेवली, तर कोंबडी फिडलवर अंडी उबवायला बसली आणि उठायला तयार होईना. तिला उठवणं पाप आहे असं त्याच्या आईनं ठरवल्यामुळे तीन शनिवार वाया गेले. खोल समुद्रात मासेमारीला नेली, तिथे भाऊ म्हणाला एक तर मी होडीत राहीन नाही तर ती. एका दफनालाही नेली, कारण कुणीतरी म्हणालं शोकानं लाकूड आकसतं. पाद्रीबुवा त्याला चार शब्द सुनवायला गेले आणि येताना फिडल वेदीमागच्या ओलसर खोलीत ठेवायला स्वतःच घेऊन आले. इतकं ते प्रकरण सगळ्यांच्या अंगात भिनलं होतं. आणि एक मात्र रॅस्मी कटाक्षानं पाळायचा. ओल लागू नये म्हणून लग्नात फिडल हातातून क्षणभरही खाली ठेवायची नाही. बाहेर गेला तरी बरोबर. बिघडवायची ती आपणच, ठरवून.

एकदा तर त्यानं आईचं लग्नच पुन्हा मांडलं. तेच कोठार, तोच महिना, तसाच उत्तरेचा वारा सुटेपर्यंत वाट पाहिली. जो जिथे उभा होता तिथेच उभा केला. आईच्या कडेवर मी आणि पोटात माझा भाऊ, तरी तिला नवरीच्या बाकावर बसवलं. एक पाहुणा वारला होता, त्याच्या जागी त्याचा मुलगा. रॅस्मीचा भाऊ तोवर न्यूझीलंडला निघून गेला होता, त्याच्या जागी त्याच्याच वजनाचं ओटचं पोतं ठेवलं. आजीनं धुरावलेल्या मटणाचं सूप पुन्हा एवढं मोठं भांडंभर केलं, शिव्या घालत घालत. प्रश्न आला ओस्लामावशीचा. त्या वेळी ती कुठे होती हे कुणाला आठवेना. मावशी म्हणाली, मी गाईकडे होते. मग तिला गोठ्यात उभी केली. सोंगं मात्र आली नाहीत, कारण सोंगांना बोलावता येत नाही. रॅस्मीनं वाजवलं. गोठ्यातून आवाज आला, नाही, ती नव्हे.

पण बघा, या सगळ्या उपद्व्यापातून दर शनिवारी एक नवी धून जन्माला येत होती. बाकीचे फिडलवाले कुंपणाआड बसून ऐकायचे आणि उचलायचे. 'ओटचं पोतं' तिथलीच, 'कोंबडी उठेना' तिथलीच. 'ओस्ला नाही म्हणाली' तर एक, दोन, तीन अशा मोजत गेल्या. बाहेरच्या बेटांवरून लोक स्टेंगाच्या रील्स शिकायला यायला लागले. रॅस्मीला त्याची लाज वाटायची. कुणी कौतुक केलं की म्हणायचा, राहू दे, नापास झालेल्या आहेत त्या.

आजीनं मावशीपुढे हात टेकले. म्हणाली, अगं, एखाद्या शनिवारी म्हण की हीच ती, आणि सुटू दे ना आम्हांला. मावशी म्हणाली, मी खोटं बोलू? मधे एका जहाजाच्या कप्तानानं मागणी घातली, घरबिर असलेला माणूस. मावशी म्हणाली, मी शब्द देऊन बसलेय. मी मोठी होत होते, शनिवारी तिच्यापुढे लोकरीची लडी धरून बसायचे. एकदा विचारलं, मावशी, ती धून तुला अजून आठवते का गं? ती म्हणाली, हात वर धर, गुंता होतोय.

अशी वर्षं गेली. माझं अर्टी पॉटिंजरशी जमलं. अर्टी चांगला माणूस, होड्या दुरुस्त करायचा. फिडलही वाजवायचा असं त्याचं म्हणणं होतं. त्याला एकच रील यायची, 'गव्हाणीतली मांजर', तीही अर्धी. ती अर्धी दोनदा वाजवून तो पूर्ण करायचा.

माझ्या लग्नाच्या आधीच्या शनिवारी रॅस्मी नेहमीसारखा आला. वाजवलं. नाही, ती नव्हे. या वेळी तो लगेच गेला नाही. म्हणाला, भावानं बोलावलंय, सिनीच्या, म्हणजे माझ्या, लग्नात वाजवतो आणि सोमवारच्या बोटीनं निघतो. न्यूझीलंडला मेंढ्या पुष्कळ आहेत म्हणे. हे सगळं त्यानं फिडलला सांगितलं, दाराला नाही. मावशी म्हणाली, बरं. सुया चालूच होत्या. पण मी समोर लडी धरून बसले होते, मी पाहिलं. सुया चालत होत्या आणि त्यांवर लोकर नव्हती.

मी काही बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता.

माझं लग्न आमच्या जुन्या कोठारातच झालं. दुसऱ्या रात्री सोंगं आली. चार उंच आणि एक बुटकं. रॅस्मी पिंपावर बसलेला, फिडल मांडीवर घट्ट. सोंगं रांगेत उभी राहिली, पण ते बुटकं रांगेत जाईना. ते थेट पिंपाकडे गेलं आणि त्यानं रॅस्मीच्या हातातली फिडल हिसकावली. सोंगाला अडवायचं नसतं. त्यानं चारही खुंट्या एकामागून एक पिळल्या, कान पिळावेत तशा, आणि फिडल परत त्याच्या हातात कोंबली.

रॅस्मी पांढराफटक पडला. ओल नव्हती, वारा नव्हता. वीस-पंचवीस वर्षं फिडल कोंबडीखाली घालत बसलेल्या माणसाला एका क्षणात कळलं, की खुंट्या माणसानं पिळल्या होत्या. त्यानं गज ओढला. बोटं 'मांजर' वाजवायला लागली आणि निघाली एक धून, मी कधी न ऐकलेली. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ही कुठली नवीन? आजोबांना टेबलावर चढावंसं वाटलं नाही. म्हणजे ती होती का नव्हती, देवाला ठाऊक.

पण रॅस्मीचं धुनेकडे लक्षच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तो वाजवताना फिडलकडे बघत नव्हता. त्या बुटक्या सोंगाकडे बघत होता, टोपीपासून खाली, खाली, कमरेपर्यंत. तिथे पेंढा जरा सरकला होता आणि आत चामड्याचा पट्टा दिसत होता, सुईसकट.

तो मधेच थांबला. सोंगं नाचत असताना वाजवणारा थांबला, असं आमच्या बेटावर कधी झालं नव्हतं. आजीनं, तेव्हा ती होती अजून, मोठ्यानं श्वास घेतला.

"ओस्ला," रॅस्मी म्हणाला, "हीच का ती?"

"नाही," सोंग श्वास आत ओढून म्हणालं. "ती नव्हे."

मग तिनं तोंडावरचं फडकं काढलं. डोक्यावर पेंढ्याची टोपी तशीच, लाल झालेला चेहरा, आणि आवाज तिचा नेहमीचा.

"मला काय ठाऊक ती कशी होती? तेव्हाही मी पेंढ्यात होते. कानाशी सगळी खसखस. एक सूर ऐकला नाही मी."

"मग इतकी वर्षं नाही कशावरून म्हणत होतीस?"

"वाजवून झालं की तू कुठे बघायचास?"

रॅस्मीनं आता उत्तर देण्यासाठी फिडलकडे बघितलं, सवयीनं. सगळ्या कोठारानं ते पाहिलं, आणि त्यालाही कळलं की पाहिलं. त्याचे कान तांबडे झाले.

"मी खुंट्या पिळल्या होत्या," मावशी म्हणाली, "तू वाजवायचं थांबावंस म्हणून. थांबून माझ्याबरोबर नाचावंस म्हणून. आणि तू मेल्या, तसाच वाजवत सुटलास."

"सांगायचंस तरी."

"सोंगानं सांगायचं नसतं. आणि सकाळी तू दारात आलास, तर विचारलंस कुणाला? त्या लाकडाला विचारलंस."

"मग आता काय करू?"

"फिडल ठेव खाली."

ती त्यानं ठेवली. पिंपावर ठेवली आणि उभा राहिला, आणि आता हातांचं काय करावं हे त्याला कळेना. मावशीनं एक हात धरला. पण चार सोंगं ताटकळत उभी आणि वाजप नाही. आजी ओरडली, अरे कुणीतरी वाजवा, पोरीच्या संसाराचं काय! तेव्हा माझा नवरा उठला. बिचाऱ्यानं पिंपावरची फिडल उचलली आणि त्याला येत होती ती अर्धी 'मांजर' त्या पिळलेल्या तारांवर वाजवली. संपली की पुन्हा तीच अर्धी. अर्टीचा कान असा, की फिडल बिघडलेली आहे हे त्याला कळलंच नाही, म्हणून तर ती धून टिकली. त्यानं सुरात लावलीच नाही. रॅस्मीला ती नकोच होती, म्हणून पुढची दोन वर्षं ती आमच्याकडेच राहिली आणि अर्टी तशीच वाजवत राहिला, तोवर सगळ्यांना पाठ झाली.

हीच ती रील. 'फिडल ठेव खाली'. दाढीवाल्यानं स्टेजवर सांगितलं की हिचे दोन्ही भाग सारखेच आहेत, हे फार प्राचीन रचनेचं लक्षण आहे. हे लक्षण माझ्या अर्टीचं आहे.

आणि रॅस्मी नाचला. देवा, काय नाचला! त्याला उजवं-डावं ठाऊक नव्हतं. मावशीचे दोन्ही पाय तुडवले, पेंढा सगळ्या कोठारभर उधळला, एका वडीलधाऱ्याला भिंतीवर नेऊन आपटलं. मावशी हसत होती की कळवळत होती ते टोपीमुळे दिसलं नाही. सोमवारची बोट त्याला न घेता गेली. महिन्याभरात त्यांचं लग्न झालं, आणि त्या लग्नात दोघांनीही वाजवणाऱ्याला एक क्षण बसू दिलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं. पण रॅस्मीला नाचाचं वेड लागलं. पन्नाशीचा बाप्या स्वयंपाकघरात नाचायचा, गोठ्यात गाईपुढे नाचायचा. कपबशा फुटल्या. मावशी माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली. शेवटी एका संध्याकाळी तिनं अर्टीकडून फिडल परत नेली, चारही खुंट्या पिळल्या आणि म्हणाली, बस आणि वाजव. त्यानं वाजवलं. संपल्यावर तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, नाही, ती नव्हे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. ती मनाला येईल तशा खुंट्या पिळायची, तो 'मांजर' वाजवायचा, काहीतरी वेगळंच निघायचं. संपलं की तो तिच्याकडे बघायचा आणि ती नाही म्हणायची. मग दोघं चहा प्यायची. मी कितीदा तिथे बसलेय. मला कधी हसू यायचं आणि कधी उगाचच हेवा वाटायचा, कारण अर्टी संध्याकाळी घोरायचा.

मावशी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे होते. ती पलंगावर, उशांना टेकून. हातात जोर नव्हता, तरी तिनं फिडल मागून घेतली आणि खुंट्या पिळल्या, जेमतेम. रॅस्मीनं वाजवलं. लहानशी धून होती. संपल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं वाट पाहत राहिलो.

"हीच," मावशी म्हणाली.

रॅस्मीनं फिडल भिंतीवर टांगली. त्यानंतर ती त्यानं कधी वाजवली नाही. रोज खाली काढायचा, फडक्यानं पुसायचा, आणि परत टांगायचा. खुंट्यांना हात लावायचा नाही. कशी होती रे ती धून, मी एकदा विचारलं. मी तिथेच होते, पण रडत होते, मला काही नीट आठवत नव्हतं. तो म्हणाला, चांगली होती. मग तोही गेला आणि फिडल माझ्याकडे आली. आता तारा सैल पडल्यात, एक तर केव्हाच तुटली. त्या खुंट्यांत काही उरलेलं नाही हे मलाही कळतं, मी खुळी नाही.

मेळाव्यानंतर मी त्या दाढीवाल्याला घरी चहाला बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, बॅनक चार खाल्ले. मग म्हणाला, "आजी, राग मानू नका, पण लोकांना तो टेकडीतला राजाच बरा वाटतो."

मी त्याचा कप भरला. त्यानं भिंतीवरची फिडल पाहिली, काढू का विचारलं, आणि अलगद काढली. उलटीसुलटी करून पाहिली, धूळ फुंकली, हनुवटीखाली धरली. माणूस वाजवणारा होता, वाईट नव्हता. त्यानं एका तारेवर बोट मारलं, चेहरा वाकडा केला, आणि त्याचा हात आपोआप खुंट्यांकडे गेला.

"फिडल ठेव खाली," मी म्हणाले.

त्यानं ठेवली.